उमरखाडी ते मानखुर्द : चिल्ड्रन्स एड सोसायटीचा इतिहास

संस्थांचे इतिहास बहुधा एखाद्या दानशूर पुरुषाच्या संकल्पापासून किंवा एखाद्या त्यागी स्त्रीच्या व्रतापासून आरंभ होतात. चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या इतिहासाचा आरंभ मात्र एका कायद्यापासून आणि एका जुन्या तुरुंगापासून करावा लागतो. १९२४ सालचा मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा हा तो कायदा, आणि डोंगरीनजीकचा उमरखाडीचा तुरुंग हा तो तुरुंग. १९२७ साली संस्था अस्तित्वात आली ती या दोहोंचा वारसा घेऊनच, आणि त्यांपैकी पहिला वारसा तिला उपकारक तर दुसरा फार काळ जाचक ठरला असे माझे मत आहे. संस्थेला शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास हा वृत्तांत लिहिताना केवळ इमारती, देणग्या आणि पदाधिकारी यांची जंत्री न देता, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या मुलांकडे संस्था कोणत्या नजरेने पाहत आली हे सांगावे, असे मी योजिले आहे. कारण एकाच वेळी अनेक आपत्तींनी घेरलेल्या मुलाला त्याच्या सर्व आपत्तींसह ओळखणे हे या संस्थेचे खरे काम, आणि तेच तिला सर्वांत कठीण गेले.

पोरक्या, भटक्या किंवा भुरट्या चोरीच्या आरोपावरून पकडून आणलेल्या मुलांची सरकारदरबारी निराळी दखल घेण्याचा प्रारंभीचा प्रयत्न १८५० च्या उमेदवारीच्या कायद्याने झाला. अशा मुलांना एखाद्या कारागिराकडे करारावर बांधून द्यावे, म्हणजे हाताला कसब आणि पोटाला अन्न या दोन्ही गोष्टी साधतील, एवढाच त्याचा आशय होता. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या औदार्याने मुंबईत जी औद्योगिक सुधारशाळा नांदती झाली, आणि जी माहीमला आजही त्यांचे नाव मिरवीत आहे, तिचा पायाही याच श्रद्धेवर घातलेला होता. पुढे १८७६ च्या व नंतर १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्यांनी, ज्यांना कैदेची सजा झाली आहे अशा अल्पवयीन मुलग्यांना तुरुंगाऐवजी काही वर्षे अशा शाळेत ठेवण्याची तजवीज केली. मुलींचा विचार त्या कायद्यांच्या कर्त्यांना शिवलाही नव्हता. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते : मूल बिघडते ते आळसाने, आणि सुधारते ते उद्योगाने. रंधा, करवत आणि माग यांनी पुष्कळ मुलांचे आयुष्य मार्गी लावले हे कोणी नाकारणार नाही. पण ज्याच्या बापाने घर दारूत बुडविले, ज्याची आई मेली, ज्याला रात्री दचकून जाग येते आणि अक्षर म्हणून ज्याला ठाऊक नाही, त्याच्या चार दुःखांपैकी नेमके कोणते रंध्याने तासले जाते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

तो प्रश्न विचारण्याइतकी जाग १९१९-२० च्या तुरुंग चौकशी समितीने आणली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत व चौकशी चालू असता त्यांना प्रौढ कैद्यांच्या संगतीत ठेवू नये असे आग्रहाने सुचविले, आणि त्या शिफारशीस अनुसरून मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली व मुंबईने १९२४ साली आपापले कायदे केले. मुंबईच्या कायद्याची अंमलबजावणी शहरात व्हावयाची तर मुलांना ठेवण्यास जागा हवी, त्यांची चौकशी करण्यास माणसे हवीत, आणि हे काम निव्वळ पोलिसी खात्याकडे सोपवू नये एवढा विवेक सरकारला होता. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही त्या विवेकाची निष्पत्ती. ती नोंदली गेली १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, म्हणजे रूपाने खासगी मंडळी; पैसा पुष्कळसा सरकारी; आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्रीच तिचे पदसिद्ध अध्यक्ष. हे अर्धे सरकारी, अर्धे लोकांचे रूप तिला कधी सोयीचे तर कधी अडचणीचे झाले, आणि त्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन करून घ्यावा लागला, हे पुढे येईलच.

आता त्या वास्तूविषयी. उमरखाडीचा तुरुंग मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात चार महिन्यांची सजा होऊन टिळक आणि आगरकर हे सव्वीस वर्षांचे दोघे तरुण येथेच ठेवले गेले. मुदत पुरी होण्याआधीच एकशे एक दिवसांनी त्यांची सुटका झाली आणि आगरकरांनी त्या दिवसांचे जे पुस्तक लिहिले ते मराठीतील तुरुंगवाङ्मयाचा आरंभ मानावा लागेल. ‘हॅम्लेट’चे जे रूपांतर त्यांनी ‘विकारविलसित’ या नावाने केले, त्याचेही काम याच कोठड्यांत झाले. ज्या दोघांच्या हाती लेखणी होती व पाठीशी सारा महाराष्ट्र होता त्यांनाही या भिंती जड गेल्या; मग ज्यांच्या पाठीशी कोणीच नाही अशा दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्याच आवारात आणून ‘हा तुरुंग नव्हे’ असे सांगताना त्या काळच्या अधीक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वास्तू आपल्या सवयी माणसांना लावते. उंच भिंत असली की दाराशी पहारा येतो, पहारा आला की सकाळ-संध्याकाळ मोजदाद येते, आणि मोजदाद आली की मुलाच्या नावापेक्षा आकडा महत्त्वाचा होतो. मुंबईतील कामगारवस्त्यांत दांडगट मुलाला ‘डोंगरीला पाठवीन’ अशी धमकी देण्याचा जो प्रघात पडला, तो या भिंतींनीच पाडला. संस्थेच्या सेवकांनी दिलेल्या मायेच्या वागणुकीला तो पुसून टाकता आला नाही.

कायद्याचा वारसा मात्र मोलाचा होता. नव्या व्यवस्थेच्या एकाच दारातून तीन तऱ्हांची मुले आत येऊ लागली : ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप होता ती, ज्यांना निवारा वा पालक नव्हता ती, आणि आईबापच ज्यांना ‘आमच्या आटोक्यात राहत नाहीत’ म्हणून घेऊन येत ती. तिघांचा न्याय एकाच न्यायालयात व्हावयाचा होता. यात दोष होताच, कारण केवळ अनाथ असलेल्या मुलीला आरोपीच्या शेजारी उभे राहावे लागे. परंतु एक गुणही होता, आणि तो नंतरच्या काळात आपण हरवून बसलो. चोरी करणारा मुलगा, उपाशी मुलगा आणि घरातून पळालेला मुलगा हे बहुधा एकच असतात, ही गोष्ट त्या एका न्यायालयात बसणाऱ्या दंडाधिकाऱ्याला रोज पाहावी लागे.

ती त्याला दाखवून देण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो या साऱ्या इतिहासातील मध्यवर्ती पुरुष, किंवा पुष्कळदा स्त्री, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. आजच्या सरकारी भाषेत परिवीक्षा अधिकारी. स्मरणिकांतून छायाचित्रे छापली जातात ती अध्यक्षांची व देणगीदारांची; या अधिकाऱ्याचे छायाचित्र सहसा कोणी छापत नाही. त्याने करावयाचे ते काय? मुलाच्या घरी जावयाचे, घर नसल्यास ज्या पुलाखाली किंवा फलाटावर तो झोपत असे तेथे जावयाचे, शेजाऱ्यांची जबानी घ्यावयाची, शाळेचे दप्तर पाहावयाचे, आणि मग न्यायालयापुढे एक अहवाल ठेवावयाचा. आजच्या कायद्याप्रमाणे तो पंधरा दिवसांत सादर करावा लागतो. फिर्याद मुलाने काय केले ते सांगते. हा अहवाल त्याच्या वाट्याला काय आले ते सांगतो.

असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक नव्हे. प्रत्येक परिवीक्षा अधिकाऱ्याच्या दप्तरात तो निराळ्या नावाने सापडतो. वय सोळा असावे, पण जन्माचा दाखला नाही. पकडला गेला तो मोबाइलच्या चोरीत. बापाचा ठिकाणा नाही, आईने दुसरा घरोबा केलेला आणि त्या घरात त्याला जागा नाही. शाळा पाचवीत सुटली. भूक व थंडी मारण्यासाठी तो सोल्युशन हुंगतो, आणि गेले काही महिने त्याचा खोकला थांबत नाही. आता यांतील एकेक गोष्ट घेऊन जो तो आपापल्या परीने उपाय सांगावयास तयार असतो, आणि प्रत्येक उपाय दुसऱ्या एखाद्या गोष्टीवर येऊन अडतो. जामीन मिळू शकतो, पण ताबा घेण्यास पालक पुढे आला पाहिजे. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी शेजारच्या चाळीतला मुलगा संध्याकाळी घरी जातो त्याच गुन्ह्यासाठी हा निरीक्षणगृहात राहतो, आणि त्याला आत ठेवणारी गोष्ट चोरी नसून घराचा अभाव ही असते. शाळेत घालावे तर शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षीच हात काढून घेतो. व्यसनमुक्तीच्या केंद्रात धाडावे तर तेथे बहुधा मोठी माणसे. क्षयाची औषधे सहा महिने न चुकता घ्यावी लागतात, आणि चौकशी चार महिन्यांत पुरी करावी असे कायदा म्हणतो. मुलगा सुटला की औषध सुटते, औषध सुटले की आजार बळावतो, आणि आजारी मुलाला काम कोणी देत नाही. सुताच्या गुंत्याचे एक टोक ओढले की दुसरी गाठ आवळते, तशातला हा प्रकार. अनुभवी अधिकारी म्हणून ओढाओढ करीत नाही. तो आधी शोधतो ते एक माणूस : मावशी, थोरला भाऊ, जुना शिक्षक, चहाच्या टपरीचा मालक, कोणीही, ज्याचे नाव घेतल्यावर मुलाचा चेहरा बदलतो. ते सापडले तर बाकीच्या गोष्टींना आधार मिळतो. आणि न सापडले तर काही काळ त्या अधिकाऱ्यालाच ते माणूस व्हावे लागते, ज्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

या कामाला शास्त्राची जोड मिळाली ती नागपाड्याकडून. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस चालविले होते, आणि तेथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे वर्ग सुरू झाले. हेच विद्यालय पुढे १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. उमरखाडीहून नागपाडा फार दूर नाही, आणि विचारांचे अंतर तर त्याहूनही कमी होते. १९३७ साली या विद्यालयाने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. त्याचे मर्म असे होते की मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी एका मुलाविषयी एकत्र बसून विचार करावयाचा. प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून निराळी चिठ्ठी लिहावयाची नाही. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ज्या काळी मंदबुद्धी मुलाला सर्रास वेडा व हूड मुलाला सर्रास गुन्हेगार समजत, त्या काळी एका टेबलाभोवती तीन विद्या बसविणे हे धाडस होते. आणि खरे सांगावयाचे तर आजही आपल्या बहुतेक जिल्ह्यांत ते टेबल मांडलेले नाही.

पुढील वर्षांत संस्था शहराबाहेर, त्या काळच्या मोकळ्या माळरानाकडे, म्हणजे चेंबूर-मानखुर्दकडे विस्तारली. मुलांची, मुलींची, मोठ्यांची, लहानांची अशी निरनिराळी गृहे झाली. १९४१ साली मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी स्वतंत्र गृह निघाले, आणि देशात असा प्रयत्न तोवर विरळाच होता. १९४८ साली नवा बालकांचा कायदा आला, सोळा वर्षांखालील मुलामुलींना त्याचे छत्र लाभले, आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतही रिमांड होमे निघाली. विस्ताराचा हा काळ संस्थेच्या कर्तृत्वाचा होता यात संशय नाही, आणि स्मरणिकेत त्याचे कौतुक इतरत्र येईलच. पण प्रकारांनुसार घरे वाढत गेली तशी एक अडचणही वाढली. जो मुलगा एकाच वेळी अनाथ आहे, मंदबुद्धी आहे आणि चोरीत पकडलेला आहे, त्याने कोणत्या घरात जावे? व्यवहारात याचे उत्तर असे मिळाले की ज्या कारणाने तो पहिल्यांदा दाखल झाला त्या कारणाच्या घरात त्याने जावे. पहिल्या दिवशीचा शिक्का मग शेवटपर्यंत टिकला.

१९८० नंतरची मुंबई निराळी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझत गेल्या, आणि परळ-लालबागच्या ज्या घरांतून पूर्वी रिमांड होमला मूल येणे ही लाजेची व विरळ गोष्ट होती त्या घरांची घडी विस्कटली. त्याच सुमारास शहरात गर्द आली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिले, आणि त्या लेखनाच्या पाठोपाठ १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. व्यसन हा गुन्हा की आजार, या वादात मुक्तांगणने आजाराच्या बाजूने जो कौल दिला त्याचा लाभ पुढे निरीक्षणगृहांतील मुलांनाही झाला. पण तो सावकाश.

याच दशकात संस्थेला आपल्या इतिहासातील सर्वांत कटू प्रसंगास तोंड द्यावे लागले. पत्रकार शीला बारसे यांनी मानखुर्दच्या नव्या निरीक्षणगृहातील मुलांच्या स्थितीविषयी न्यायालयाकडे दाद मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ रोजी त्याचा निकाल लागला. स्मरणिकेत असा प्रसंग झाकून ठेवण्याचा शिरस्ता आहे. मला तो पसंत नाही, कारण या निकालाने संस्थेचे नुकसान झाले नाही, हितच झाले. संस्था रूपाने खासगी असली तरी घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने तिला राज्याचेच अंग मानले पाहिजे, म्हणजे मुलांच्या मूलभूत हक्कांचे बंधन तिच्यावर आहे, असे न्यायालयाने सांगितले. मुलांना निरीक्षणगृहात दीर्घकाळ रखडत ठेवू नये, नेहमीच्या दंडाधिकाऱ्याला बसवून दारावर बालन्यायालयाची पाटी लावल्याने कायद्याचा हेतू सिद्ध होत नाही, आणि तळमळीची, प्रशिक्षित माणसेच अशा गृहांत नेमावीत, असेही बजावले. यांतील अखेरचा आदेश अमलात आणणे सर्वांत कठीण. इमारत मंजूर होते, पद रिक्त राहते.

त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी बालन्याय कायदा केला, तो २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. २००० साली त्याची जागा दुसऱ्याने व २०१५ साली तिसऱ्याने घेतली. मुलग्यांसाठी सोळा असलेली वयोमर्यादा २००० च्या कायद्याने अठरा केली, आणि २०१५ च्या कायद्याने अघोर गुन्ह्यांच्या बाबतीत सोळा ते अठराच्या मुलांना पुन्हा प्रौढांच्या न्यायासनापुढे नेण्याची वाट मोकळी केली. या तपशिलापेक्षा संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी होती. निराधार मुले एका मंडळाकडे आणि आरोपी मुले दुसऱ्याकडे, अशी १९८६ च्या कायद्याने जी फारकत केली ती पुढे कायम झाली. आता एकीकडे बाल कल्याण समिती आहे, दुसरीकडे बाल न्याय मंडळ. निष्पाप मुलाला आरोपीच्या रांगेतून सोडविले हे उत्तमच झाले. पण ज्या मुलाला दोन्ही दारे लागू होतात त्याच्या दोन मिसली तयार झाल्या, आणि एकीतला कागद दुसरीत जाण्यास तारखा पडू लागल्या. अत्याचार झालेल्या मुलीची तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तिसरी मिसल विशेष न्यायालयात असते. तीच हकीकत तिने पोलिसांना सांगावयाची, समितीला सांगावयाची, डॉक्टरांना सांगावयाची व वकिलांसमोर सांगावयाची. तिच्या साऱ्या कथेचा एक सलग कागद कोठे असावा अशी अपेक्षा करावी, तर तो आहे. कायद्याने त्याला वैयक्तिक काळजी आराखडा असे नाव दिले आहे व तो प्रत्येक मुलासाठी निराळा करावा असे म्हटले आहे. तो छापील नमुन्यातील रकाने भरण्यापुरता केला जातो की खरोखर मुलाला समोर बसवून, त्यालाच विचारून केला जातो, यावर आज एखाद्या बालगृहाची परीक्षा व्हावी.

१९९६ साली टाटा संस्थेच्या छायेखाली जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ ही बालकांची दूरध्वनिसेवा मुंबईत सुरू केली, आणि मुलांनी स्वतःच मदत मागण्याची सोय झाली. यामुळे दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि कुर्ला टर्मिनसच्या फलाटांवरून येणारी मुले संस्थेपर्यंत अधिक लवकर, म्हणजे रस्त्यावर अधिक बिघडण्यापूर्वी, पोहोचू लागली. त्यांच्याबरोबर जुनाच एक प्रश्न नव्या रूपात आला, तो कागदांचा. वय सिद्ध करण्यास कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसल्यास नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी. ज्याचे गाव त्यालाच नीट आठवत नाही त्याच्या बाबतीत हाडेच साक्ष देतात, आणि ती साक्ष एखाददुसऱ्या वर्षाने चुकली तर मुलगा या कायद्याच्या आत की बाहेर हेच बदलून जाते.

आत असेल तर अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागते. गृहस्थाच्या घरात अठरा वर्षांच्या मुलाला कोणी हातात पिशवी देऊन दाराबाहेर काढीत नाही; संस्थेला ते करावे लागे, आणि पुष्कळ वर्षे त्यापुढचा विचार उदार माणसांच्या मर्जीवर सोडलेला होता. अनुरक्षणगृहे आली ती या उणिवेपोटी. २०१५ च्या कायद्याने एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत अनुरक्षणाची तरतूद केली, आणि २०१६ च्या नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षांची मुभा दिली. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, ही या राज्याला भूषणावह गोष्ट. तिचा लाभ घेऊन बालगृहांतील मुले सरकारी सेवेत गेली आहेत. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ज्याची आई दुसऱ्या घरी का होईना हयात आहे, पण त्याला जवळ करू शकत नाही, तो मुलगा या प्रमाणपत्राच्या व्याख्येत सहसा बसत नाही. असा मुलगा अठरा पुरी करून मानखुर्दहून निघतो तेव्हा त्याच्या अर्जाला जोडण्यासारखा कागद एकच असतो, तो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचा. आणि त्या कागदाच्या बळावर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून अनुरक्षणगृहात जागा, औषधे पुढे चालू ठेवण्यास रुग्णालयाची चिठ्ठी आणि एखाद्या कारखान्यात उमेदवारी, या तीन गोष्टी एकाच आठवड्यात मिळवाव्या लागतात.